थंडीच्या जागी ऊन

कडुनिंब मोहरला आहे. सकाळी दार उघडले तेव्हा ओट्यावर, पायरीवर, काल वाळत घातलेल्या आणि आत घ्यायच्या राहून गेलेल्या पातळावर त्याची बारीक पांढरी फुले पडली होती. पूर्वी मी ती दिसताच झाडून काढली असती. आज केरसुणी हातात घेतली आणि तशीच पायरीवर बसले. झाडून काय होणार, संध्याकाळपर्यंत पुन्हा पडतील. वास मात्र तोच आहे. एवढ्या कडू झाडाला इतका गोड वास कसा, हे मला लहानपणी कोणी सांगितले नाही आणि पुढे मीही कोणाला सांगू शकले नाही.

अपर्णा, तुझे पत्र आले. घरामागे भाजीचे वाफे केले आहेत, बर्फ वितळला की तिथे मधमाशांची पेटी ठेवायची आहे, आजीने पूर्वी माशा पाळल्या होत्या असे बाबा म्हणतात, तर काही सांग, असे तू लिहिले आहेस. खाली तुझ्या धाकट्या भावाची, निखिलची, एक ओळ आहे, की आजी, माशा चावतात का. निखिल, चावतात. आणि अपर्णा, तुझ्या बाबाला नीट माहीत नाही. तो तेव्हा जन्मला नव्हता. मी माशा पाळल्या त्या एकच हंगाम, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, आणि त्याही एकटीने नाही.

मला कोणतीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. डबे, कपडे, पुस्तके, सगळे जागच्या जागी. पण या आठवणी तशा लागत नाहीत. आधी ऊन आठवते, मग हिवाळा, मग मधेच कोथिंबिरीच्या फुलांचा वास. येतील तशाच लिहिते. फार आवरायचे बळ आता राहिले नाही.

आमचे सोलापूरचे घर तेव्हा वस्तीच्या कडेला होते. मागे परस, परसात विहीर, आणि विहिरीपासून न्हाणीपर्यंत भाजीचे वाफे. न्हाणीचे पाणी पाटाने वाफ्यांत जाई. पाण्यात फेस दिसला की माई आतूनच विचारीत, “वांग्यांना साबण लावतेस का गं?” माई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. लहान वयात विधवा झालेल्या. अंगावर तांबडे आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनच संध्याकाळचा शीण. परसात त्यांचा एक नियम होता: भाजी फुलू द्यायची नाही. मेथीला फूल दिसले, कोथिंबीर तुऱ्यावर आली, की त्या म्हणत, “या घरच्या बाईचं लक्ष कुठं असतं?” फुललेला वाफा म्हणजे त्यांच्या लेखी न आवरलेले अंथरूण. या बाबतीत मी त्यांच्याच पंथातली होते. आमचे वाफे पाटीवर रेघा आखाव्यात तसे दिसत.

मी पुण्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकून, कॉलेजचे एक वर्ष करून या घरात आले होते. इंग्रजी कागद आला तर तुमचे आजोबा वाचत. ते वकील होते. माझे इंग्रजी लग्नातल्या शालूसारखे ट्रंकेत पडून होते, वापरायचेही नाही आणि मोडायचेही नाही. माई वाईट वागत नसत, पण आमच्यात बोलण्यासारखे काही नव्हते. मीठ संपलंय. दळण आणायचंय. उद्या एकादशी. दुपारी आजोबा कोर्टात असत, भिकू गडी विहिरीपाशी आडवा झालेला असे, आणि माजघरात माई एका खांबाला टेकून बसत, मी दुसऱ्या. बाहेर ऊन, आत दोन खांब. लग्नानंतरचे ते दिवस आठवले की मला आजही अंग जड झाल्यासारखे वाटते.

माई रोज देवाला पंचामृत करीत, पण त्यात मध नसे. बाजारात विकायला येणारा मध पोळ्याखाली आग करून, माशा जाळून काढलेला असतो, हे एका विकणाऱ्यानेच त्यांना बोलता बोलता सांगितले होते. तेव्हापासून त्यांनी तो घेणे सोडले. दूध, दही, तूप, साखर. नावाला पंचामृत. आजोबांना हे कुठेतरी लागून राहिले असावे. दक्षिणेत शेतकी खात्यात असलेल्या एका मित्राकडून त्यांनी लाकडी पेटी मागवली. आत चौकटी असतात, माशा त्यांवर पोळी बांधतात, आणि एकही माशी न मारता मध काढता येतो, असे मित्राने कळवले होते. मद्रासच्या गाडीने पेटी आली, ओल्या किंतानात गुंडाळलेली, आत माशा. टांगेवाल्याने ती मागे ठेवून घेतली आणि थोड्या वेळाने वळून विचारले, “वकीलसाब, सामान में क्या है?”

“काही नाही, पेटी आहे.”

“पेटी बोल री, साब.”

पेटीबरोबर विलायतेत छापलेले एक जाड पुस्तक होते. आजोबांनी ते चाळले आणि माझ्यापुढे ठेवले. “मला खटले आहेत. हे तुझं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन माझ्या खांबाला टेकले. माईंनी पुस्तकाची जाडी न्याहाळली. मग म्हणाल्या, “काय लिहिलंय, ते मोठ्यानं तरी वाच. मलाही त्या माशांच्यात राहायचंय.”

मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले. पहिल्याच प्रकरणात बर्फ निघाला. बर्फ पडला तर पेटीच्या दारावरून तो हलक्या हाताने झाडून काढावा.

“कसला बर्फ?” माई म्हणाल्या.

“तिकडे थंडीत आभाळातून पडतो. फुलं नसतात, माशांना खायला मिळत नाही. तेव्हा त्यांना जपावं लागतं, असं म्हणतंय.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात फुलंच फुलं. मध तेव्हाच.”

माईंनी जरा विचार केला. आमच्याकडे थंडीत गावाबाहेर करडईची शेते पिवळी होतात, आणि उन्हाळ्यात तर ढेकळांशिवाय काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यांची थंडी ते आपलं ऊन. मग काय अवघड आहे? जिथं थंडी लिहिलंय तिथं ऊन वाच.”

मला हसू आले, पण मी तसे वाचले, आणि ते चपखल बसत गेले. पुस्तक म्हणे, दार दक्षिणेला ठेवा म्हणजे हिवाळ्यातले ऊन आत येईल. आम्ही दार उत्तरेला केले. पुस्तक म्हणे, थंडीआधी पाक करून पाजा. आम्ही फाल्गुन संपताना साखरेचा पाक ठेवला. पुस्तक म्हणे, गवताच्या पेंढ्यांनी पेटी ऊबदार करा. आम्ही शेवग्याखाली किंतानाचा मांडव करून त्यावर पाणी मारू लागलो. पेटी घडवंचीवर ठेवली होती, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. त्या वाट्या भरण्याचे काम माईंनी स्वतःकडे घेतले. पेटीला मात्र त्या हात लावीत नसत. रेल्वेतून कोणाकोणाच्या सामानाला लागून आलेली वस्तू, त्यांच्या सोवळ्याला चालत नसे. लांबून बघायच्या.

रोज दुपारी जेवणे झाली, भांडी पालथी पडली, की त्या विचारीत, “काय म्हणतंय तुझं पुस्तक?” माझ्या इंग्रजीची कोणाला गरज पडण्याची त्या घरातली ती पहिली वेळ. राणी एकच असते हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “आणि सासू?” मी म्हटले, “सासूचं कुठं लिहिलेलं नाही.” “मग त्यांचं बरं चाललं असेल,” असे म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिले नव्हते.

माघात एक दिवस मी वाफ्यात वाकले, तुऱ्यावर येऊ लागलेली कोथिंबीर उपटायला. मागून माई म्हणाल्या, “असू दे.”

“फुलायला लागलीय, माई.”

“तेच म्हणते. असू दे.”

मग कांदे फुलू दिले, मुळा फुलू दिला. सगळा परस अस्ताव्यस्त झाला. पांढऱ्या, फिकट जांभळ्या फुलांवर सकाळभर गुणगुण चाले. भाजी बाजारातून आणावी लागे, आणि आजोबा जेवताना विचारीत, “परस असून पुन्हा बटाटा?” माई म्हणत, “तू माशा आणल्यास. तूच बटाटा खा.”

पलीकडे नरसव्वाचे घर होते. तेलुगू बोलणारे विणकर, घरात हातमाग. सकाळी ते लोक गल्लीत उभे सूत लांबच लांब ताणून त्याला खळ लावीत, म्हणजे पेज चोपडून कुंचल्याने ओढीत, की सूत ताठ व्हावे. उन्हे वाढली तशा आमच्या माशा पाण्यासाठी त्या ओल्या सुतावर जाऊन बसू लागल्या आणि खळीत चिकटू लागल्या. नरसव्वा भिंतीवरून म्हणाली, “अक्का, तुमचं माशी आमच्या खळीवर लई खूश हाय. लुगड्यात विणून देऊ काय?”

“दे,” माई म्हणाल्या. “पण पदरावर वीण. काठाला नको, टोचतील.”

नरसव्वा हसली, पण तिच्या घरचे लोक सकाळचा अर्धा वेळ सुतातून माशा वेचण्यात घालवीत होते, हे आम्हाला दिसत होते. आम्ही परातीत पाणी आणि त्यात खडे ठेवले, बसून पिता यावे म्हणून. बहुतेक माशा परातीवर आल्या. काही शेवटपर्यंत खळीवरच जात राहिल्या.

हे लिहिताना मी मधे उठून पाणी प्यायले. आता दुपारी या घरात मी आणि घड्याळ, दोघेच. मोठ्याने वाचायला कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी धाप लागते. पण तेव्हाची मी, तेविशी-चोविशीतली, तीही थकलेलीच होते, हे आज कळते. काम फार नव्हते. आपल्या बोलण्याची कोणाला गरज नाही, याचा तो शीण होता. म्हणून माशा टिकाव्यात असे मला वाटे ते मधासाठी नव्हते. माशा राहिल्या तर ती दुपार राहील. गेल्या तर पुन्हा मीठ, दळण, आणि दोन खांब. हे मी कोणाला म्हटले नाही. पण रोज सकाळी उठल्याबरोबर मी आधी पेटीला कान लावीत असे.

चैत्र आला. परसातले सगळे वाळून गेले, पण कडुनिंब मोहरला आणि माशा पुन्हा लगबगीने जाऊ-येऊ लागल्या. दुपारी मात्र ऊन असे, की विहिरीचा दगड हाताला पोळे. पेटीतले मेण वितळेल, पोळी खाली येतील, ही भीती पुस्तकातच होती. त्याच आठवड्यात आम्ही वाचले, की थंडीच्या कडाक्यात काही लोक पेट्या तळघरात नेऊन ठेवतात. थंडीत माशा बाहेर पडत नाहीत, त्यामुळे त्यात धोका नसतो. माझ्या तोंडून ते नेहमीप्रमाणे उलटूनच बाहेर पडले. उन्हाच्या कडाक्यात पेट्या गार जागी न्याव्या. उन्हात माशा बाहेर पडत नाहीत. आम्हा दोघींना त्यात काही वावगे वाटले नाही. सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडतो कोण? कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पडून असतात. “आपलं माजघर गार आहे,” माई म्हणाल्या. “वेळ आली तर तिथं ठेवू.”

चैत्रातले हळदीकुंकू होते एका ओळखीच्यांकडे. अशा ठिकाणी विधवांना बोलावणे नसे. तुम्हाला हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. मी जाऊ की नको करीत होते. माई म्हणाल्या, “जा तू. मी आहे पेटीपाशी.” मी गेले. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हे प्यायले, गौरीपुढच्या आरासीचे कौतुक केले. बायका उठता उठेनात. परत आले तेव्हा उन्हे उतरली होती.

मागच्या दाराशी आले आणि पाहिले, तर शेवग्याखाली घडवंची होती, वर पेटी नव्हती. मांडवाचे किंतान फाटून कुंपणाला अडकले होते. रिकाम्या घडवंचीवर माशा होत्या. तिच्या फळीवर, पायांवर, एकमेकींना धरून, काळा गोळा झालेल्या. आणखी येत होत्या, घिरट्या घालीत होत्या, बसत होत्या. खालच्या मातीवर मेलेल्या पडल्या होत्या आणि मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या. माई घडवंचीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. उन्हाने तांबडा झालेला त्यांचा चेहरा मला लांबून दिसत होता.

भिकू अपराध्यासारखा विहिरीपाशी उभा होता. म्हणाला, “वावटळ आली बाईसाब, किंतान उडालं. पेटी लई तापली. माई म्हनल्या, आत घिऊ. मी म्हनलं, तुमी हात लावू नगा. पर त्यांनीच यक बाजू धरली की.”

मी माईंजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

“तळघरात ठेवतात, असं वाचलं होतं ना आपण?”

“हो.”

“उन्हात माशा बाहेर पडत नाहीत, असंही वाचलं होतं.”

“हो, माई. वाचलं होतं.”

“मग या कोण?”

मी म्हटले, “पाण्याला गेल्या असतील. ऊन वाढलं की पेटी गार ठेवायला त्या पाणी आणतात.” हे मला ठाऊक होते. नरसव्वाच्या सुतावर ते आम्ही दोघींनी रोज पाहिले होते. पण वाचताना पाहिलेले आठवले नाही.

“येतात,” माई म्हणाल्या. “जागेवर येतात, फिरतात, आणि इथंच बसतात. पेटी आत आहे, तिथं दारापलीकडे. आवाजसुद्धा येतोय. तरी जात नाहीत. मी हातानं वाट दाखवून बघितली.” त्यांच्या मनगटाला सूज आली होती. माशांनी डंख मारले होते आणि त्यांनी काटेही काढले नव्हते.

तिन्हीसांजेला मी आणि भिकूने पेटी उचलून पुन्हा घडवंचीवर ठेवली. फळीवरच्या माशांपैकी ज्या जिवंत होत्या त्या दाराशी गोळा झाल्या आणि एकामागून एक आत गेल्या. घाई नाही, गोंधळ नाही. दमून घरी येणाऱ्या माणसांसारख्या. माई शेवटची आत जाईपर्यंत उठल्या नाहीत.

माजघरात जिथे पेटी ठेवली होती तिथे फरशीवर मध सांडला होता. उन्हाने मऊ झालेले एक पोळे नेताना तुटले होते. त्या सबंध हंगामात आमच्या घरात आलेला मध तेवढाच. वाटी भरेल एवढा असेल. आजोबा म्हणाले, “वरच्यावर उचलून घे, चांगला आहे.” माई म्हणाल्या, “देवाला नको आणि आपल्यालाही नको.” त्यांनी फडके ओले केले आणि स्वतः फरशी पुसली. पुन्हा पुन्हा पुसली. तरी कितीतरी दिवस अनवाणी पायाला तिथे चिकट लागे.

पेटी त्या दिवसानंतर सावरली नाही. माशा कमी झाल्या होत्या, कडुनिंबाचा मोहोर झडून गेला. आम्ही पाक ठेवला, किंतान नवे बांधले, पाणी मारले. वाचन चालू होते, पण माई आता फारशा विचारीत नसत. वैशाख संपता संपता एका सकाळी मी पेटीला कान लावला, तर आत काही नव्हते. झाकण काढले. एकही माशी नाही, मध नाही, अंडी नाहीत. चौकटी स्वच्छ. सगळे आवरून गेल्या होत्या. मला राग यायला हवा होता, पण इतके नीट आवरून जाणाऱ्यांवर रागावता येईना. नरसव्वा भिंतीवरून म्हणाली, “आमच्यावरून गेलं. ढग जातंय तसं. मी हाक मारली, तुमी न्हाणीत होते.” मी आत जाऊन माईंना सांगितले. त्या ताक करीत होत्या. रवी क्षणभर थांबली आणि पुन्हा फिरू लागली.

त्या दिवशी जेवणे झाली, भांडी पालथी पडली, आणि मी माझ्या खांबाशी जाऊन बसले. हात रिकामे. पुस्तक मी सकाळीच ट्रंकेत ठेवून दिले होते. वापर संपलेली वस्तू बाहेर ठेवण्याची मला सवय नाही. माई आल्या, टेकल्या. मला वाटले, आता मिठाचे निघेल.

“पुस्तक कुठं आहे?” माई म्हणाल्या.

“ठेवलं. आता कशाला, माई?”

“संपलंय का?”

“नाही. पुढं मध काढायचा आहे, मेण गाळायचं आहे.”

“मग आण.”

मी आणले. नसलेल्या माशांचा मध काढला, मेण गाळले, नव्या राण्या वाढवल्या. पाऊस लांबला होता, दुपारी मोठ्या होत्या. पुस्तक आषाढात संपले. शेवटचे पान वाचून मी ते मिटले. माई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटले, झोपल्या.

“उद्या पहिल्यापासून घे,” त्या म्हणाल्या.

“तेच पुन्हा?”

“हो. पण आता उलटं करू नकोस. आपल्याकडे माशा नाहीत. बर्फ लिहिलंय तिथं बर्फच वाच. तो कसा पडतो, ते मला नीट ऐकायचंय.”